डाग आत ठेवणारी घडी

माझ्या नातवाचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता. त्यावर मी, म्हणजे चाळीस वर्षं पवनीत हातमागाच्या साड्या विकणाऱ्या जाणत्या माणसानं, उपाय काय केला? तर त्याच्यासाठी पायघोळ रेशमी झबलं शिवून घेतलं.

झबलं मोठं देखणं झालं होतं, हेही सांगून टाकतो. मोरपंखी रंग, बारीक जरीचा काठ, आणि लांबी अशी की टाचेच्या खाली वीतभर कापड लोंबावं. ते कापड बाळाच्या पायाभोवती कसं गुंडाळायचं, हे मी घरातल्या बायकांना स्वतः करून दाखवलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली दोन ठेवून द्याव्याशा वाटतात, पण वयामुळे हात तितका जोरात फिरत नाही.

दीड महिन्यापूर्वी यमुताई गेल्याचा फोन दुकानात आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकासमोर साडी उलगडत होतो. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, पहाटे झोपेतच गेली, असं शेजारच्या बाई सांगत होत्या. मी ‘हो... हो...’ म्हणत राहिलो. आणि पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. पहिला विचार असा, की चला, त्या झबल्याचा किस्सा चारचौघांत काढणारं माणूस आता राहिलं नाही. रडू त्यानंतर आलं. असा माणूस मी आहे, हे वाचकांना आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे पुढे निराशा होणार नाही.

यमुताई माझी चुलत बहीण, पाच वर्षांनी मोठी. आसगावच्या बाजूच्या गावांमध्ये तिची सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. निवृत्त झाली ती कागदावरच. तिच्या तेरवीला मांडव टाकला होता आणि माइकही होता. एकेक जण उठून तिला ‘देवदूत’, ‘माउली’, ‘सेवेची मूर्ती’ म्हणत होता. मी मागच्या खुर्चीवर बसून त्यांचे चेहरे ओळखत होतो. माउली म्हणणाऱ्यानं तिला एकदा अंगणातून हाकलून दिलं होतं, कारण तिनं त्याच्या नातीच्या फाटलेल्या टाळूबद्दल विचारलं. देवदूतवाल्याच्या घरी ती दिसली की बाळंतिणीच्या खोलीला आतून कडी लागायची. मी मनाशी ठरवलं, माझी पाळी आली की हे सगळं सांगायचं. पाळी आली. माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणालो, “ताई म्हणजे मायेचा सागर होती.” टाळ्या पडल्या. सागर! तिच्याइतकं कोरडं बोलणारं माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हतं. म्हणून आता हा लेख. मांडवात जी हिंमत झाली नाही ती कागदावर दाखवतो आहे. कागद उठून जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

आम्ही दोघंही विणकरांच्या घरातले. तिचे वडील, म्हणजे माझे मोठे बाबा, मागावरून उतरलेलं कापड तपासत, तेव्हा ताई शेजारी बसायची. ते आधी कापड दारातल्या उजेडासमोर धरत. मग मांडीवर पसरून त्यावरून बोटं फिरवत, तीही उलटी, कारण बोटांच्या पाठीला सुटलेला धागा लवकर लागतो. काम करून घट्टे पडतात ते आतल्या बाजूला. ताई ते शिकली आणि मीही शिकलो. फरक एवढाच की त्या विद्येचं आम्ही दोघांनी पुढे वेगवेगळं केलं. ती नर्स झाली आणि जन्मलेलं प्रत्येक मूल तसंच तपासू लागली. दारातल्या उजेडात, उघडं, डोक्यापासून सुरुवात. टाळूवरून, पाठीच्या मणक्यावरून ती बोटांची पाठ फिरवायची, करंगळी तोंडात घालून वरचा भाग चाचपायची, मांड्या उघडून खुबे बघायची, शेवटी पाय. मी दुकान टाकलं आणि दुसरी विद्या शिकलो. साडीत कुठे दोष असला, तर घडी अशी घालायची की तो आत जातो. गिऱ्हाईक काठ बघतं, पदर बघतं. आतली घडी घरी गेल्यावर उलगडते.

माझ्या नातवाच्या, ओजसच्या बाबतीत मी हेच केलं. तो जन्मला तेव्हाच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाखवून सांगितलं होतं, घाबरायचं कारण नाही, आठवड्याभरात घेऊन या, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करता येतो. चिठ्ठीही दिली. ती चिठ्ठी मी खिशात घातली आणि तिथेच ठेवली. कारण त्याच सुमारास माझ्या धाकट्या लेकीसाठी, स्नेहलसाठी, लाखनीच्या एका चांगल्या घराशी बोलणी चालू होती. व्यापारी माणसं, हायवेवर दुकान. त्यांना कळलं की या घरात असं मूल जन्माला आलं, तर? मी मुलाला सांगितलं, लग्न ठरू दे, मग पाहू. मुलगा माझ्यासारखाच, त्यानं मान हलवली. सुनेला, वैशालीला, आम्ही बाळासकट तिच्या माहेरी दिघोरीला पाठवून दिलं. जाण्याआधी आमच्या हिनं तिला विचारून घेतलं, ग्रहणाच्या दिवशी तू कात्री धरली होतीस का? दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या कापायला बसली होती ना? वैशाली म्हणाली, होते बसले. झालं, आमची चौकशी तिथेच पूर्ण झाली. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंही नाही. आणि तिला चिठ्ठ्या कापायला बसवलं होतं कुणी, तर मी.

ताईचे फोन येत होते. “दामा, पोरगं कधी दाखवतं मले?” मी म्हणायचो, माहेरी आहे. “मंग मीच जाऊन येतो दिघोरीले.” मी म्हणायचो, अगं, सर्दी झाली आहे त्याला, बरं वाटलं की आणतोच. असे मी अकरा आठवडे काढले. बारसं बाराव्या दिवशी न करता अकरा आठवड्यांनी, लाखनीच्या पाहुण्यांना बोलावून एकाच खर्चात उरकायचं ठरवलं. ताईला बोलावलं नाही. मे महिन्याचं ऊन, पंख्याखाली माणसं निथळत होती, आणि पाळण्यात माझा नातू रेशमात गुंडाळलेला. कुणी विचारलं की मी सांगायचो, त्याला जरा थंडी वाजते.

जेवणाच्या पंगती बसल्या आणि दारात ताई. हातात छत्री, काखेत पर्स, अंगावर सुती पांढरं लुगडं. कुणाला नमस्कार नाही, काही नाही. पाळण्यापाशी आली, बाळाचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि मला म्हणाली, “दामा, पोराले उजेडात आन.”

मी मोठ्यानं म्हणालो, “त्याच्या पायाले काही झालं नाही!”

तिनं पायाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पंगतीतले हात थांबले. लाखनीचे पाहुणे जिलेबी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. ताईनं वैशालीकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि अकरा आठवडे गप्प असलेली ती पोर उठली, बाळाला उचललं, ताईमागून आतल्या खोलीत खिडकीपाशी गेली. मीही गेलो. ताईनं झबलं काढलं, घडी न घालता माझ्या हातात दिलं. पाय पाहिला. दुसरा पाहिला. पाठ पाहिली, खुबे पाहिले, तोंडात बोट घालून पाहिलं. मग वैशालीला म्हणाली, “बाकी सारं साजरं आहे, बाई. ह्या पायाले पलस्तर लागते. धावते हा पोट्टा, काही चिंता नोको करू.”

वैशाली म्हणाली, “ग्रहनात कात्री धरली होती जी मी.”

“ग्रहन साऱ्या जिल्ह्याले लागलं होतं ना?” ताई म्हणाली. “मंग साऱ्या जिल्ह्याचे पाय काहून नाही वळले? तुह्या कात्रीले आमचंच घर सापडलं काय?” मग माझ्याकडे वळली. “डाक्टरनं कधी सांगतलं होतं?” मी चिठ्ठीचं सांगितलं. “अकरा हप्ते...” एवढंच म्हणाली. “पह्यल्या हप्त्यात पाय लोन्यावानी असते रे. तू त्याले रेशमात ठेवलं.”

मी हात जोडले. म्हणालो, ताई, बाहेर पाहुणे आहेत, हळू बोल, आपल्याच घरी हे असं कसं झालं, आता काय तोंड दाखवू. यावर ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. “आपल्याच घरी? तू दुकानात जातं ना, त्या रस्त्यानं दोही बाजूचे घरं मोज. नाव सांगत नाही मी कोनाचं, ते माह्यं काम नोहे. पन कोनाच्या काळजाले छेद आहे, कोनाचा ओठ शिवला आहे, कोनाचं रगत सिकलसेलचं आहे, कोनाच्या पोराले ऐकूच येत नाही. सारे झाकते. म्हनून जो तो समजते का देवानं मलेच धरलं. तुह्यावानी येडे गावोगावी आहेत, दामा. तू काही येगळा नाही.”

मी तिला खोटं ठरवायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझीच चुलत मेहुणी दार ढकलून आत आली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, “ताई, जरा माह्या नातीचं पाह्यता काय जी... रडली का निळी पडते.” तिच्यामागे शेजारची. तिच्यामागे आणखी एक. माझ्या घरातल्या त्या छोट्या खोलीत, जिथे आम्ही गहू आणि जुन्या गाद्या ठेवतो, बायका एकामागून एक येत होत्या आणि दाराबाहेर पुरुष मठ्ठा मागत होते. त्या रांगेत चौथी कोण होती? लाखनीची बाई, स्नेहलची होऊ घातलेली सासू. ती ताईच्या कानात काहीतरी बोलली. ताई म्हणाली, “हे मले नोको सांगू, बाई. त्यायलेच सांग.” मग ती बाई माझ्यासमोर उभी राहिली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, “आमच्या पोराच्या रगतात सिकलसेल आहे जी. त्याले काही तरास नाही, पन तपासनीचं सरकारी कार्ड आहे. कपाटात ठेवलं होतं. सांगाचंच होतं...”

आणि वाचकहो, मला राग आला. हातात ते मोरपंखी झबलं घेऊन मी त्या माउलीवर ओरडलो, “हे तुम्ही लपवून ठेवलं? एवढी मोठी गोष्ट?”

ताईनं बाळाचं लंगोट नीट केलं आणि शांतपणे म्हणाली, “बोल, बोल. आता तूच बोल.”

स्नेहलचं रक्त तपासलं. ताईनं दोघांना समोर बसवून समजावलं, की दोघांच्याही रक्तात ते असलं तर मुलाला आजार होण्याची भीती, एकाच्याच असलं तर तो आजार मुलाला होत नाही, फार तर बापासारखं कार्ड मिळतं. स्नेहलच्या रक्तात काही निघालं नाही. लग्न ठरलं. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते याचा मी जो डंका पिटला होता, त्यात या गुणाचा रकाना नव्हता, हे तेव्हा कळलं.

मग बुधवार सुरू झाले. दर बुधवारी ताई आणि वैशाली बाळाला घेऊन एसटीनं भंडाऱ्याला जायच्या. प्लास्टर काढायचं, पाय थोडा बाहेर वळवायचा, पुन्हा प्लास्टर. उशीर झाल्यामुळे बुधवार वाढले. शेवटी टाचेमागची घट्ट शीर बारीक चीर देऊन सैल करावी लागली. मग मधे पट्टी जोडलेले बूट, सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, पुढे फक्त झोपेत, काही वर्षं. या सगळ्यात मी काय केलं? मी एसटीच्या तिकिटाला पैसे देऊ केले. ताईनं ते घेतले नाहीत.

एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं. पण माझं शहाणपण उधारीवरचं, वेळेवर कधी येत नाही. स्नेहलच्या लग्नाला घर पाहुण्यांनी भरणार होतं. वर्षाचं होत आलेलं बाळ आणि त्याच्या पायात ती पट्टी, खेळण्यातल्या गाडीसारखी... नागपूरचे लोक काय म्हणतील? लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी ते बूट उचलले आणि दुकानातल्या नऊवारीच्या गठ्ठ्यात खुपसून ठेवले. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. वैशालीनं घर पालथं घातलं. मी तिच्याबरोबर शोधू लागलो, पलंगाखाली वाकून वगैरे. लग्न पार पडलं, मी गठ्ठा उघडायला गेलो आणि कुठल्या गठ्ठ्यात ठेवले तेच आठवेना. लगीनसराईचे दिवस, निम्मे गठ्ठे हलवलेले. लाज वाटून कुणाला सांगितलंही नाही. बूट सापडले तेव्हा तीन आठवडे उलटले होते आणि पाय पुन्हा आत वळू लागला होता.

ताई आली. पाय पाहिला. मी वाट पाहत होतो, आता ती ओरडेल, मग मी रडेन, मग माफी होईल. ती ओरडली नाही. “तुले बोलून फायदा नाही, दामा,” म्हणाली. “मानूस वाईट असता त बदलला असता. तू भित्रा आहेस.” पुन्हा बुधवार सुरू झाले. त्या महिन्यांत वैशाली माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझं ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि निघून जायची. तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असतो तर पाणीही ठेवलं नसतं.

ओजस आता नऊ वर्षांचा आहे. धावतो. डावी पोटरी उजवीपेक्षा किंचित बारीक, बस एवढंच. ताई मात्र घरी आली की आत येण्याआधी उंबऱ्याशी वाकायची आणि त्याच्या चपला उलट्या करून पाहायची, तळ कुठल्या बाजूनं झिजला आहे ते. सगळ्यांच्याच घरी करायची म्हणे. कुठल्या पोराची चप्पल एका कडेनं झिजते, कुणाचा अंगठा घासतो, हे तिला दारातच कळायचं. लोक हसायचे, मीही हसायचो. तेरवीच्या दिवशी मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला होता, आणि निघताना माझ्या लक्षात आलं की मी एक लहानशी सँडल हातात उलटी धरून उभा आहे. तिचा मालक, पाच-सहा वर्षांचा, बापाला सांगत होता, “बाबा, ते बुढे माही चप्पल चोरून राहिले.”

मागच्या आठवड्यात दिघोरीहून वैशालीला फोन आला. तिच्या मावसबहिणीला मुलगी झाली, वीस दिवस झाले, आणि कुणाला घरात येऊ देत नाहीत. का, ते दुरून कळलं होतं. दोन्ही पाय वळलेले आहेत. वैशालीनं फोन ठेवला. मग म्हणाली, “बाबा, ताई असत्या त आतापावेतो पोचल्या असत्या.” मी म्हणालो, हो. ती म्हणाली, “चला मंग. गाडी काढा.”

वाटेत दोन्ही बाजूला धानाच्या बांध्यांत रोपांची रोवणी चालली होती, आणि मी मनात भाषणाची जुळणी करत होतो. विज्ञान, समाज, अंधश्रद्धा वगैरे. शिवाय सवयीनं एक साडीही बरोबर घेतली होती. दारात मुलीची आजी बसली होती, तांदूळ निवडत. आम्हाला पाहून तिनं पाय आडवा टाकला. “पोरगी झोपली आहे. बाळंतीन बी झोपली आहे. मंग या कधी.” मी साडी पुढे केली. “हे कायले?” ती म्हणाली. मी भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला ती म्हणाली, “समजलं, समजलं, आता जा.” आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि कुणीतरी ते घाईघाईनं दाबलं. तो दाबलेला आवाज माझ्या ओळखीचा होता.

वैशाली माझ्याकडे पाहत होती. मी साडी गाडीत ठेवून आलो, उंबऱ्याशी खाली बसलो आणि सांगितलं. चिठ्ठी, झबलं, थंडी, गठ्ठ्यातले बूट, तीन आठवडे, सगळं. मधे कुठेही घडी घातली नाही. वीस दिवस म्हणजे अजून उशीर झालेला नाही, हेही सांगितलं, आणि येत्या बुधवारी गाडी घेऊन मी दारात येईन, हेही. म्हातारीनं सूप खाली ठेवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे.

“तुहा सासरा खरंच असा आहे काय व?”

“होय जी,” वैशाली म्हणाली. “यात त्यायनं कमीच सांगतलं.”

म्हातारीनं आडवा टाकलेला पाय काढून घेतला आणि दार लोटून आत हाक मारली, “उठ व पोरी, लेकराले उजेडात आन. तू रडून राहिली होती ना, का लेकराले असं लपवनारे मूर्ख आपल्यावानी दुसरे कुठीच नाही? पाह्य, एक आला आहे.”